ड्रोन बॅटरीची पिशवी: जेल रोडवरून घेतली, आठ विमानप्रवास केले, मग लिहितेय

'फायरप्रूफ' असं छापलेली बॅटरीची पिशवी घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा, कारण मी दोन घेतल्या, एक ऑनलाइन साडेतीनशेची आणि एक इथेच इंदूरला जेल रोडवरून साडेअकराशेची, आणि दोघींतला खरा फरक मला विमानतळावर सिक्युरिटीच्या टेबलापाशी कळला. साडेतीनशेवाली आता घरात कापून पडलीय, ती का कापली ते पुढे सांगते. साडेअकराशेवाली अजून वापरतेय आणि पुढेही वापरीन.

मी लग्न, मुंजी, बारसं, आता तर वास्तुशांतीचंसुद्धा शूटिंग करते, राहायला रामबागेत. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली मुलं नोकरीला पुण्याला, बंगलोरला गेली तशी कार्यंही तिकडेच व्हायला लागली, पण घरच्यांना शूटिंगवाली इथलीच हवी असते, कारण नवऱ्या मुलाची आत्या कोण, कुठल्या काकूंना फ्रेममध्ये घेतलंच पाहिजे हे मला सांगावं लागत नाही. त्यामुळे विमानाचा प्रवास वाढला. ड्रोन माझा डीजेआय एअर २एस, २०२१ सालचा, त्याच्या तीन बॅटऱ्या. भाचा बरोबर असतो, तो एफपीव्ही, म्हणजे डोळ्यांवर गॉगल लावून ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायचा ड्रोन, उडवतो, त्याच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या वेगळ्याच, वायर लोंबणाऱ्या, त्यांचं पुढे येईलच.

सुरुवात झाली ती पुण्याच्या एका मुंजीला जाताना. सामान भाच्याने भरलं होतं आणि त्याने ड्रोनची आख्खी पेटी, बॅटऱ्यांसकट, चेक-इनच्या सुटकेसमध्ये टाकली. सुटकेस काउंटरवर दिली, टॅग लागला, आम्ही निवांत वर सिक्युरिटीच्या रांगेत, तेवढ्यात लाउडस्पीकरवर माझं नाव. खाली जावं लागलं, तिथे सुटकेस उघडायला लावली, एक्सरेत बॅटऱ्या दिसल्या होत्या. तीन बॅटऱ्या बाहेर काढल्या आणि आता ठेवायच्या कुठे, तर पर्समध्ये. पुन्हा वर, पुन्हा रांग, बोर्डिंग सुरू झालेलं. सिक्युरिटीच्या ताईंनी पर्स उघडली तर एक बॅटरी घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकलेली होती, तिचं कॉन्टॅक्टचं तोंड, म्हणजे जिथून वीज बाहेर येते त्या धातूच्या पट्ट्या, किल्ल्यांकडे. त्या रागावल्या नाहीत. बॅटरी हातात घेऊन म्हणाल्या, "मॅडम, चाबी के साथ कभी मत रखिए, शॉर्ट हो गया तो यहीं आग लगेगी." मग त्यांनीच एक छोटी प्लास्टिकची पिशवी शोधून दिली. मला त्या दिवशी खरंच घाम फुटला, उशीर झाला म्हणून नाही, किल्ल्यांमुळे. तोवर मी नियम म्हणजे कोणीतरी कागदावर लिहिलेली कटकट समजत होते.

परत आल्यावर त्याच आठवड्यात ती साडेतीनशेची, चंदेरी रंगाची पिशवी ऑनलाइन मागवली. वर मोठ्या अक्षरांत 'फायरप्रूफ', 'एक्स्प्लोजनप्रूफ' आणि 'एअरलाइन अप्रूव्हड'. यातल्या तिसऱ्या शब्दाचं सांगते. विमान कंपन्यांची जी संघटना आहे, आयाटा, ती बॅटऱ्यांचे नियम छापते, पण कुठल्या कंपनीच्या पिशवीला पास-नापास करत नाही. नियमात पिशवीचं नाव सक्तीने कुठे नाही, नियम एवढंच म्हणतो की प्रत्येक सुटी बॅटरी, म्हणजे कुठल्या उपकरणात न बसवलेली, शॉर्ट होणार नाही अशी ठेवा, मग ती तिच्या मूळ खोक्यात ठेवा, तोंडाला टेप लावा नाहीतर वेगळ्या पिशवीत घाला, काहीही चालतं. साध्या भाजीच्या प्लास्टिक पिशवीत एकेक बॅटरी गुंडाळून नेलीत तरी नियम पाळला गेला. तेव्हा 'अप्रूव्हड' हा शिक्का बघून पैसे देऊ नका.

त्या चंदेरी पिशवीत आत कप्पे नव्हतेच. एक मोठं पोकळ पोट, तीन बॅटऱ्या आत टाकल्या की एकमेकींवर आपटत बसायच्या, म्हणजे ज्या कारणासाठी घेतली तेच होत नव्हतं. कापड फायबरग्लासचं, हात घालून बाहेर काढला की मनगटाला बारीक खाज, भाच्याला तर पुरळ आलं. शिवाय बाहेरून काही दिसत नाही, सिक्युरिटीत प्रत्येक वेळी सगळं उपसून दाखवायचं. विकणाऱ्याला लिहिलं की कप्पे फोटोत दिसत होते, आले नाहीत, त्याचं उत्तर आलं नाही.

मग मी ती कापली. जळती बॅटरी आत ठेवून बघणं वगैरे घरात कोणी करू नये, मी फक्त कापडाचा एक तुकडा चिमट्यात धरून गॅसवर धरला, खिडकी उघडी ठेवून. कापड पेटलं नाही, हे मान्य, काळं पडलं आणि तसंच राहिलं. पण शिवणीचा दोरा अर्ध्या मिनिटात जळून गेला आणि चेनचा तुकडा धरला तर ती वितळून थेंब थेंब गळायला लागली. म्हणजे कापड आग सोसतं, पण पिशवी जिने धरून ठेवलीय ती शिवण आणि चेन आधी जाते. आणि बॅटरी पेटते तेव्हा गॅसच्या शेगडीसारखी शांत जळत नाही. आत एका सेलचं तापमान हाताबाहेर गेलं की तो शेजारच्या सेलला तापवतो, मग तो त्याच्या शेजारच्याला, आणि पेट घेणारा वायू जोरात बाहेर फेकला जातो. याला थर्मल रनअवे म्हणतात. त्या दाबापुढे शिवण किती टिकेल ते मला त्या वितळलेल्या चेनमध्ये दिसलं.

आता जेल रोडवाली. तिथल्या मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या गर्दीत कॅमेऱ्याच्या सामानाचं एक छोटं दुकान आहे, मी ट्रायपॉडच्या प्लेट्स तिथूनच घेते. दुकानदार भैयांना विचारलं तर त्यांनी चार प्रकार काढले आणि म्हणाले बॅटऱ्या घेऊन या, घालून बघा, मग घ्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही बॅटऱ्या घेऊन गेले, अर्धा तास घालवला, त्यांनी एकदाही घाई केली नाही. मी विचारलं आग लागली तर थांबेल का, तर म्हणाले, "रुकेगी नहीं दीदी, थोड़ा टाइम मिल जाएगा बस." विकणाऱ्या माणसाने असं सरळ सांगितलं तिथेच माझं घ्यायचं ठरलं.

काळी आहे, साधारण शाळेच्या कंपासपेटीच्या दुप्पट, घरच्या काट्यावर ३१० ग्रॅम भरली. आत चार कप्पे, प्रत्येकाला स्वतःचं वेल्क्रोचं झाकण, आणि प्रत्येक कप्प्याला बाहेरच्या बाजूने पारदर्शक खिडकी. बॅटरी अशी घालायची की तिची छापील बाजू खिडकीकडे येते आणि कॉन्टॅक्ट आत, गादीत. एअर २एसच्या तीन बॅटऱ्या आरामात बसतात, चौथ्यात मी कॅमेऱ्याच्या दोन छोट्या बॅटऱ्या त्यांच्या प्लास्टिकच्या टोप्या लावून ठेवते. एअर २एसची एक बॅटरी १९८ ग्रॅमची, म्हणजे पिशवीसकट सगळं मिळून एक किलोच्या आसपास. हे वजन महत्त्वाचं आहे कारण केबिन बॅगला सहसा सात किलो मिळतात आणि त्यात कॅमेरा बॉडी, दोन लेन्स, लॅपटॉप, चार्जर घातलं की आपण काठावर असतो.

ती खिडकीच या पिशवीचं सगळ्यात मोठं काम करते. सिक्युरिटीवाल्यांना एकच आकडा बघायचा असतो, वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते ते, बॅटरीवर 'डब्ल्यूएच' म्हणून छापलेला असतो. माझ्या बॅटरीवर ४०.४२ आहे. शंभरपर्यंत असेल तर सुटी बॅटरी हातातल्या सामानात चालते, वेगळी परवानगी नको. शंभर ते एकशे साठच्या मधे असेल तर एअरलाइनची आधी परवानगी हवी आणि सुट्या जास्तीत जास्त दोन. एकशे साठच्या वर असेल तर प्रवासी म्हणून नेताच येत नाही, ना हातात ना चेक-इनमध्ये, ती कार्गोच्या कागदपत्रांनी जाते. आणि सुटी बॅटरी, मग ती कितीही छोटी असो, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. शंभरच्या आतल्या किती नेता येतील याचा आकडा एअरलाइन आपापला कमी ठेवू शकते, म्हणून तिकीट काढलं की मी त्या एअरलाइनच्या साइटवरच्या डेंजरस गुड्सच्या (धोकादायक वस्तूंच्या) पानाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवते, नेट नसलं तरी दाखवता येतो.

आकडा छापलेला नसेल तर गुणाकार करायचा, व्होल्ट गुणिले एमएएच (मिलीअँपिअर-अवर), भागिले हजार. माझी ११.५५ व्होल्ट, ३५०० एमएएच, म्हणजे ४०.४. इथे एक गंमत बघा, लोक नुसता एमएएच बघतात. दहा हजारची पॉवर बँक मोठी वाटते आणि साडेतीन हजारची ड्रोन बॅटरी छोटी, पण पॉवर बँकेच्या आतला सेल ३.७ व्होल्टचा असतो म्हणून ती भरते फक्त ३७. म्हणजे माझी 'छोटी' बॅटरी तिच्यापेक्षा जास्त ऊर्जा धरून बसलीय. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, म्हणजे हळद किती चमचे ते सांगितलंस, चमचा केवढा ते नाही सांगितलंस. अगदी तसंच.

मोठ्या ड्रोनवाल्यांनी आपापला आकडा बघून घ्यावा. डीजेआयच्याच इन्स्पायर २ ची टीबी५० बॅटरी ९७.५८ आहे, शंभरच्या जरा आत. जुन्या इन्स्पायर १ ची टीबी४८ मात्र १२९.९६, तिला परवानगी लागेल आणि सुट्या दोनच. सर्व्हेवाल्या मॅट्रिस ३०० ची टीबी६० आहे २७४ ची, ती विसराच. माझा मामेदीर देवासकडे शेतात फवारणीच्या ड्रोनचं काम करतो, त्याने विचारलं होतं की नागपूरला ट्रेनिंगला विमानाने जाताना एक बॅटरी नेता येईल का. चौदा सेलची, बावीस हजार एमएएच, गुणाकार केला तर ११४० च्या आसपास. त्याला सांगितलं, भाऊजी, ती गाडीनेच न्या.

आठ फ्लाइटचं आता. पुणे, मुंबई, बंगलोर, हैदराबाद, जाऊन-येऊन. इंदूरला आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर माझा अनुभव चांगला आहे, पिशवी वेगळ्या ट्रेमध्ये उभी ठेवायची, खिडक्या वर, मागितलं की दाखवायचं. चारही वेळा मिनिटभरात मोकळी झाले. एकदा एका जवानाने एक बॅटरी बाहेर काढायला सांगितली, उलटीपालटी करून बघितली, फुगली तर नाही ना हे अंगठ्याने दाबून बघितलं, परत दिली. मला ते आवडलं, माणूस काय शोधायचं ते जाणून होता.

दुसऱ्या एका शहरातून परत येताना मात्र एअरलाइनच्या काउंटरवर अडकले. तिथल्या मुलाने तिन्ही बॅटऱ्यांचे आकडे कॅल्क्युलेटरवर बेरीज केले, एकशे एकवीस, आणि म्हणाला मॅम हे शंभरच्या वर आहे, परवानगी लागेल. तर हे नीट लक्षात ठेवा, मर्यादा प्रत्येक बॅटरीची आहे, बेरजेची नाही. मी त्याला शांतपणे त्यांच्याच साइटचा स्क्रीनशॉट दाखवला, तिथे 'प्रति बॅटरी' लिहिलेलं होतं, तरी त्याला खात्री वाटेना, मग सुपरवायझर बाई आल्या, त्यांनी खिडकीतून एक आकडा वाचला, दुसरा वाचला, आणि जाऊ दिलं. वीस मिनिटं गेली. वाईट एवढ्याचं वाटलं की माझ्या जागी कोणी नवखा प्रवासी असता तर तीन बॅटऱ्या तिथेच सोडून गेला असता, आणि एका बॅटरीला किती पैसे पडतात ते आपल्याला माहीत आहे.

बंगलोरला जाताना पिशवीचा आणखी एक उपयोग कळला. विमान भरलेलं, आम्ही शेवटच्या काही जणांत, दारातच सांगितलं की वरचे रॅक भरलेत, केबिन बॅगा खाली होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, जातील, द्या. भाचा बॅग देऊन मोकळा होणार होता, मी त्याचा हात धरला. केबिन बॅग खाली जाणार असेल तर त्यातल्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक बाहेर काढून स्वतःजवळ ठेवाव्याच लागतात, तोच नियम. पिशवी वरच्याच कप्प्यात होती, एका हाताने ओढून काढली, दुसऱ्या हाताने बॅग दिली. सुट्या असत्या तर दारात बसून कपड्यांतून बॅटऱ्या शोधत बसले असते आणि घाईत एखादी राहिलीच असती.

लोक मला विचारतात की एवढी धोक्याची वस्तू आहे तर माणसांजवळ का, खाली सामानात का नाही. उत्तर असं की खाली होल्डमध्ये आग विझवायला हॅलॉन वायू असतो, तो ज्वाळा विझवतो पण तापलेला सेल थंड करत नाही, सेल पुन्हा पेटतो आणि तिथे कोणी माणूस नाही. वर केबिनमध्ये धूर दिसला की क्रू दोन पावलांवर असतो, ते आग विझवून वर पाणी ओतून बॅटरी थंड करत राहतात. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ यूपीएसचं ७४७ मालवाहू विमान पडलं, त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता, मालाच्या कप्प्यात आग लागली, दोन्ही पायलट गेले. मग १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्यांचा सुटा माल कार्गो म्हणून नेणंच बंद झालं. हे वाचल्यापासून मी काउंटरवर 'सुटकेसमध्ये बॅटरी आहे का' या प्रश्नाला सवयीने 'नाही' म्हणत नाही, आठवून सांगते.

आणि वरच्या रॅकमध्येही मी पिशवी ठेवत नाही. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं ए३२१ उडायच्या आधीच पेटलं, आग वरच्या रॅकमधून सुरू झाली, तपासात पॉवर बँककडे बोट गेलं. सगळे १७६ जण बाहेर पडले, पण विमान जळून गेलं. त्यानंतर कोरियाने पॉवर बँक वरच्या रॅकमध्ये ठेवायला बंदी केली. म्हणून पिशवी पायाशी, समोरच्या सीटखाली, जिथे हात लावून गरम झालीय का कळतं. प्रत्येक प्रवासात दोन-तीनदा हात लावून बघते, शेजारचे बघतात माझ्याकडे, बघू देत.

आता उणिवा, कारण त्या आहेत. वेल्क्रोचा आवाज प्रचंड, पहाटेच्या विमानात सगळे झोपलेले असताना उघडवत नाही. तेच वेल्क्रो साडीच्या फॉलला आणि ओढणीला पकडतं, माझी एक चंदेरी ओढणी त्याने उसवली, त्याचं मला खूप वाईट वाटलं, आईने दिलेली होती. खिडकीचं प्लास्टिक पाच-सहा महिन्यांत पिवळसर पडायला लागलंय, अजून आकडा वाचता येतो पण वर्षभराने येईल असं वाटत नाही. म्हणून मी आता प्रत्येक बॅटरीवर पांढरी पट्टी लावून काळ्या मार्करने आकडा ठळक लिहून ठेवलाय, छापील आकड्याला न झाकता. हे सिक्युरिटीवाल्यांना फार आवडतं, चष्मा नसलेल्यालाही वाचता येतं. हँडलची शिवण एका बाजूने सैल झाली होती, रामबागेतल्या आमच्या चप्पलवाल्या काकांनी दोन मिनिटांत जाड दोऱ्याने घट्ट करून दिली, पैसेही घेत नव्हते.

भाच्याच्या लिपो बॅटऱ्यांना ही पिशवी पुरत नाही. त्याच्या सहा सेलवाल्या, १३०० एमएएच, २२.२ व्होल्ट, म्हणजे साधारण २९ ची एक, आकाराने बसतात पण त्यांच्या वायरी बाहेर लोंबतात आणि वेल्क्रोचं झाकण नीट लागत नाही. शिवाय त्यांच्यावर कडक कवच नसतं, नुसती पातळ चकचकीत पॅकिंगची कातडी, त्यामुळे दाबून कोंबायच्या नाहीत. त्या पिवळ्या एक्सटी६० कनेक्टरला तो टोपी लावतो ते ठीक, पण छोटा पांढरा बॅलन्सचा प्लग (चार्ज करताना सगळे सेल सारखे भरावेत म्हणून असतो तो) उघडाच ठेवायचा, त्यातही पिना असतात आणि त्यातही व्होल्टेज असतं. मी हट्टाने दोन्हींना इलेक्ट्रिकची काळी टेप लावायला लावली. तो म्हणाला, "मावशी, कोणी एवढं बघत नाही." मी म्हटलं, कोणी बघावं म्हणून नाही लावायची. आता लावतो, गप्पपणे. त्याच्या बऱ्याच बॅटऱ्यांवर वॅट-अवर छापलेलाच नाही, फक्त एमएएच आणि व्होल्ट, तिथेही पांढरी पट्टी आणि आकडा. त्याला स्वतंत्र, जरा उंच कप्प्यांची पिशवी लागेल.

चार्जबद्दल. मी फुल चार्ज करून कधीच नेत नाही. अर्ध्याच्या आसपास ठेवते, लिपोला दर सेलला ३.८ व्होल्टच्या जवळपास, त्याला स्टोरेज चार्ज म्हणतात. ऊर्जा कमी तर काही झालं तरी भडका कमी, आणि बॅटरीच्या आयुष्यालाही तेच बरं. कार्याच्या गावी पोचलं की रात्री चार्जिंग, ते पण समोर बसून, झोपताना नाही. उन्हाळ्यात इंदूरला चाळिसाच्या वर पारा असतो, विमानतळावर जाताना गाडीत पिशवी डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवायची नाही, मांडीवर घेऊन एसीत. शूट संपल्यावर गरम बॅटरी लगेच कप्प्यात घालायची नाही, आधी हाताला गार लागू द्यायची.

एकदा मोठा निर्णय घ्यावा लागला. हैदराबादच्या लग्नाच्या आदल्या रात्री बॅटऱ्या भरताना तिसरी कप्प्यात नीट बसेना, जरा घट्ट जात होती. काढून टेबलावर ठेवली तर एका कडेला डुगडुगत होती, पोट फुगलेलं, अगदी थोडंसं, डोळ्यांना दिसलंही नसतं. फुगलेली किंवा खराब झालेली बॅटरी विमानात कुठेच नेता येत नाही, हातातही नाही. घट्ट कप्प्यामुळे ते कळलं, सैल पिशवीत मी ती तशीच घेऊन गेले असते. दोन बॅटऱ्यांत लग्न केलं, वरातीचा एक शॉट राहिला, वधूच्या वडिलांना खरं कारण सांगितलं तर ते म्हणाले, बरं केलंत ताई. त्या बॅटरीच्या तोंडाला टेप लावली, दोन दिवस गच्चीत मातीच्या कुंडीत वाळूवर ठेवली आणि मग आपल्या कचरागाडीच्या ई-वेस्टच्या कप्प्यात टाकायच्या ऐवजी गाडीवरच्या भैयांच्या हातात देऊन सांगितलं की ही दाबली जाऊ नये, फुगलेली आहे. त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवली. कचरागाडीत दाबली गेली तर तिथे काम करणाऱ्यांच्या अंगावर येईल, म्हणून ओल्या-सुक्यात तर अजिबात टाकू नका.

ड्रोनची बॉडी मी बॅटरी काढून, गिंबलचं (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचं) कव्हर लावून, कडक पेटीत चेक-इनला देते, कारण काही ठिकाणी ड्रोन हातात नेऊ देत नाहीत आणि सिक्युरिटीवरून परत खाली पळायची वेळ एकदा आली तेवढी पुरे. रिमोटमध्ये बॅटरी आतच असते, तो पूर्ण बंद करून माझ्याजवळ. ड्रोनचा नोंदणी नंबर आणि माझं रिमोट पायलटचं सर्टिफिकेट यांची झेरॉक्स पिशवीच्या मागच्या खिशात, आजवर दोनदाच मागितली, पण मागितली तेव्हा लगेच निघाली.

कोणी घ्यायला जाणार असेल तर स्वतःच्या बॅटऱ्या बरोबर न्या आणि दुकानातच घालून बघा, मॅव्हिक ३ ची बॅटरी लांबीला जास्त आहे, तिला या पिशवीचे कप्पे पुरत नाहीत असं भैया म्हणाले. सहा कप्प्यांवालीही आहे त्यांच्याकडे, सोळाशेला, पण ती सीटखाली ठेवली की पाय ठेवायला जागा उरत नाही, मी दुकानातच स्टुलाखाली ठेवून बघितलं. चार कप्प्यांवाल्या मागच्या गुरुवारी विचारलं तेव्हा दोनच उरल्या होत्या, भाच्यासाठी उंच कप्प्यांची त्यांनी मागवलीय, ती आली की त्या पांढऱ्या प्लगला आत जागा आहे का ते आधी बघणार आणि मगच घेणार.